जिभेला न लागलेला पाक

पाकवाले,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. मी सगळी नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केली. मेलेल्या माणसांना टपाल जातं यावर माझा विश्वास नाही. पण काल बूट बनवणाऱ्याचा पुन्हा फोन आला. "बाई, बूट तयार होऊन पडलाय. नेता कधी?" मी म्हटलं, "येते." फोन ठेवला आणि तुमच्याशी कडाडून भांडावंसं वाटलं. तुमच्या दाराला कुलूप. मग काय करणार, कागद पुढे ओढला.

निदान या वेळी तरी माझं बोलणं अर्ध्यावर तोडून "असू दे, बाई" म्हणत तुम्हाला उठता येणार नाही.

आपली ओळख उशिरा झाली. एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत आपण कितीतरी वर्षं राहत होतो, आणि मला तुमच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की समोर एक काटकुळा माणूस राहतो, त्याच्या सदऱ्याला जळक्या साखरेचा वास येतो आणि जेवायला बसण्याआधी तो दाराला आतून कडी लावतो. आधी कडीचा आवाज, मग एका ताटाचा, मग नळाचा. पाहुणा नाही, हसणं नाही, कुणाला "घे ना अजून" म्हणणं नाही. मला वाटायचं, माणूस घुमा आहे. घुम्या माणसांच्या वाटेला मी जात नाही. मला उत्तरं लवकर लागतात.

रस्त्याच्या टोकाला गोळ्यांचा कारखाना होता. औषधाच्या नव्हेत, पोरांच्या. रंगीत कागदात पिळून बांधलेल्या. तिथे तुम्ही कढईवर होता. मिसरूड फुटायच्या आधी लागलात आणि तिथेच केस पिकवलेत, म्हणून सगळे तुम्हाला पाकवाले म्हणत. कामाची रीत पुढे तुम्हीच मला सांगितलीत. कढईशेजारी गार पाण्याचं भांडं. बोटं पाण्यात बुडवायची, पळीवरच्या उकळत्या पाकाला चटकन लावायची आणि परत पाण्यात घालायची. बोटांमध्ये तार धरते, मऊ गोळी होते, की काचेसारखा कट् करून तुटतो, त्यावरून कढई उतरवायची वेळ ठरायची.

"आणि चव?" मी विचारलं होतं.

"चव कशाला? पहिल्याच दिवशी मी बोट चाटलं, तर उस्तादांनी कानाखाली ठेवून दिली. म्हणाले, पाक बोटांनी बघायचा. जीभ एकदा भाजली की चार दिवस खोटं सांगते."

त्या थपडेनंतर कढईतला थेंब तुम्ही जिभेला लावला नाहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा. "दिवसभर नाकातोंडात गोड वाफ जाते, घरी आल्यावर गोड बघवत नाही," म्हणायचात. आणि हे खरं आहे, असं शपथेवर सांगायला मी आणि कारखान्यातले दोघे-तिघे सोडले तर जगात कुणी नव्हतं. जिने मानायला हवं होतं ती तर मुळीच मानत नव्हती.

चाळिशी ओलांडल्यावर तुम्हाला तहान लागायला लागली. पाणी पिऊन पिऊन पोट डब्ब व्हायचं, तरी घसा कोरडा. मोरीत सारख्या फेऱ्या. वजन असं उतरलं, की पट्ट्याला घरीच खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. तुम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलात. रक्ताचा कागद बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"काम कुठे करता?"

"गोळ्यांच्या कारखान्यात. कढईवर."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले म्हणे. "मग आणखी काय व्हायचं होतं! हात आवरा जरा." झाला निकाल. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ औषध, गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. गोडाच्या कारखान्यातला माणूस म्हणजे गोड खाणाराच. लाकडाच्या वखारीत काम करणारा लाकडं खातो का, असं विचारायला तिथे मी नव्हते.

कारखान्यात तर चेष्टेला ऊत आला. "मालक, माल कमी का भरतोय म्हणून काय विचारता, पाकवाल्याचं रक्त उकळा, निघेल सगळा!" कुणी म्हणे, याच्या अंगाला मुंग्या कशा लागत नाहीत. तुम्ही हसायचात. पण डबा खायला भिंतीकडे तोंड करून बसायला लागलात. घास तोंडाकडे गेला की कुणीतरी बघतंय, असं वाटायचं तुम्हाला. बघायचेही. माणूस एकदा खादाड ठरला, की त्याचा प्रत्येक घास चोरीचा दिसतो.

हे सगळं तुम्ही सोसलं असतंत. पण ताई होती.

आई गेली तेव्हा तुम्ही रांगत होता आणि ताई शाळेत जात होती. तिने शाळा सोडली. स्वतः पाणी पिऊन झोपली आणि तुम्हाला भरवलं. तुमच्या तोंडून हे ऐकताना मला नेहमी वाटायचं, या माणसाचं लग्न झालं नाही, मूल नाही, मित्र नाही. याच्या जमेला आहे ती फक्त एक बहीण. ती पुलापलीकडे राहायची. बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना असलेल्या घरात, वरच्या मजल्यावर. सुटीच्या दिवशी तुमचं जेवण तिथे असायचं, तेवढंच माणसांत बसून.

आणि तिचा नवरा मधुमेहानेच गेला होता. त्याचा खरोखरच दुसऱ्या प्रकारचा. शरीरात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, तो प्रकार. त्याच्या घराण्यात होता, वजन भारी होतं, काम बैठं होतं. गोड हे दहा कारणांतलं एक. पण ताईला दिसलं ते एकच: नवऱ्याच्या उशीखाली, कपाटामागे, चपलांच्या खोक्यात लपवलेलं खाणं. आधी त्याचे डोळे गेले. मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. मग मूत्रपिंडं थकली. ती त्याला भरवायची, पुसायची, आणि तो आंधळ्या डोळ्यांनी तिला म्हणायचा, "मी काही खाल्लं नाही गं." ओठाला कण चिकटलेले असायचे.

असल्या बाईला तिच्या भावाने येऊन सांगितलं, "ताई, मला पण झालाय. पण मी गोड खात नाही." तिने काय म्हणावं?

"ते पण असंच म्हणायचे," म्हणाली. आणि त्या दिवसापासून तुमच्या ताटावर पहारा बसला.

आपली ओळख झाली ती जिन्यात. संध्याकाळची वेळ. मी पिशवी घेऊन वर येत होते, तर तुम्ही पायरीवर बसलेले. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापताहेत, डोळे भलतीकडे. खालच्या मजल्यावरची बाई दारातून म्हणाली, "चढवून आलेत वाटतं." मी तुमचं तोंड हुंगलं. दारू नाही. मला पुढचं सांगायला कुणाची गरज नव्हती. मी शाळकरी पोर असल्यापासून या रोगाबरोबर राहते आहे. माझा पहिल्या प्रकारचा, इन्सुलिनशिवाय एक दिवस न निघणारा. काचेची सिरिंज आणि सुई स्टोव्हवर उकळून आई मला टोचायची. रक्तातली साखर उतरली की माणूस कसा दिसतो, हे मी आरशात पाहिलेलं आहे.

पेल्यात साखर कालवून आणली आणि तुमच्या ओठाला लावली. तुम्ही दात घट्ट आवळलेत.

"तोंड उघडा!"

"नाही… मी… गोड खात नाही."

"अहो, मरायला टेकलात! उघडा तोंड!"

"ताईला… सांगतील लोक…"

"ताईला मी बघते. गिळा!"

शेवटी मी तुमचं नाक दाबलं. होय, दाबलं. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. थोड्या वेळाने डोळे ठिकाणावर आले आणि तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं: "कुणी पाहिलं नाही ना?"

मी नंतर खूप हसले त्यावर. घरात येऊन, दार लावून. मग हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारावर थाप मारली आणि व्याख्यान दिलं. औषधाने साखर कधी कधी गरजेपेक्षा खाली येते, उपाशी राहिलात की हमखास येते, आणि तेव्हा गोड हेच औषध. खिशात गोळ्या ठेवा. हात कापायला लागले की कडाकडा चावून खा, चघळत बसू नका. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि विचारलंत, "कुठली ठेवू?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे आठ-दहा तऱ्हा होतात. चांगली कुठली लागते, मला माहीत नाही. मी खाल्ली नाही कधी."

जन्मभर ज्याने गोळ्या बनवल्या, त्याला संत्र्याची घ्या असं मला सांगावं लागलं.

तुम्ही ऐकलंत. कोटाच्या आतल्या खिशात संत्र्याच्या गोळ्या ठेवायला लागलात. आणि पुढच्याच सुटीला ताईने खुंटीवरचा कोट झटकायला घेतला.

तिने काही आरडाओरडा केला नाही, म्हणालात. जेवायची पानं मांडली होती. मुलगा, सून, नातवंडं बसलेली. तिने एकेक गोळी काढून तुमच्या पानाशेजारी ओळीने ठेवली. कागदांचा आवाज तेवढा होत होता. तुम्ही "ताई, त्या औषधाच्या…" म्हणालात, आणि तुमच्या भाच्याला हसू फुटलं. ताई हसली नाही.

"एकाला मी असं पोचवलंय," ती म्हणाली. "दुसऱ्याला पोचवायची ताकद नाही माझ्यात. तू जा. आणि मेलास तरी मला बोलावणं पाठवू नकोस."

तुम्ही कोट घातलात आणि उठलात. गोळ्या तिथेच राहिल्या.

त्यानंतरची वर्षं मला समोरच्या दारातून दिसत होती. सुटीच्या दिवशी तुम्ही दाढी करायचात, इस्त्रीचा सदरा घालायचात, आणि कुठेच जायचा नाहीत. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचात. कडी. ताट. नळ. मी कधी म्हटलं, "या, चार घास खा माझ्याकडे," तर "असू दे, बाई." मी कधी वाद घातला, "तिला जाऊन नीट सांगा तरी," तर "मी सांगून काय होतंय? ते पण असंच म्हणायचे." ताईचंच वाक्य ताईच्याच आवाजात म्हणायचात. मला तुमचा राग यायचा. अजून येतो.

आणि आत तो रोग आपलं काम करत होता. औषधाचा डोस वाढत गेला तरी साखर उतरेना. रस्त्यावरच्या पाट्या पुसट दिसायला लागल्या. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडले होते, त्यावर लेसरच्या प्रकाशाचे डाग देऊन घेतलेत. पायाला आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. "बरं झालं, दुखायचं थांबलं," तुम्ही खुशीत सांगायला आलात. मी कपाळाला हात लावला. पायाचं दुखणं थांबलं म्हणजे मज्जातंतू मेले. पाय तुमच्याशी बोलेनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

पण मला खटकत होतं दुसरंच. तुम्ही तसेच काटकुळे. घराण्यात कुणाला हा रोग नाही. खाणं चिमणीएवढं. आणि गोळ्या, औषधाच्या म्हणते मी, पाण्यात मीठ टाकावं तशा विरून जात होत्या. मी डॉक्टर नाही. पण बाटलीतला नमुना आणि तिच्यावरची चिठ्ठी जुळत नसली की प्रयोगशाळेतल्या माणसाला चैन पडत नाही. मी तुम्हाला जवळजवळ ओढत मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुकाट्याने ऐकणाऱ्या. त्यांनी वेगळी रक्ततपासणी सांगितली. निकालाच्या दिवशी आपण दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. तुम्ही टोपी मांडीवर धरून, शाळेत बोलावलेल्या मुलासारखे.

"तुमच्या शरीराने स्वतःच्याच पेशी शत्रू समजून मारल्यात," त्या म्हणाल्या. "इन्सुलिन बनवणाऱ्या. सावकाश, वर्षानुवर्षं. हा पहिल्या प्रकाराचाच सावत्र भाऊ समजा, मोठेपणी येणारा. सुरुवातीला दुसऱ्या प्रकारासारखा दिसतो, म्हणून फसायला होतं. तुम्हाला इन्सुलिन कधीच लावायला हवं होतं."

तुम्ही इन्सुलिनबद्दल काही विचारलं नाहीत. विचारलंत ते हे: "म्हणजे, गोड खाऊन झाला नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"पोतंभर खाल्लं असतंत तरी हा झाला नसता. आणि कणभर न खाताही झालाच असता."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "बाई, परत एकदा विचारा त्यांना."

मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. बाहेरच्या बाकावर येऊन तुम्ही टोपीत तोंड लपवलंत, आणि मी शेजारी बसून समोरच्या भिंतीवरचा दातांच्या निगेचा तक्ता वाचत राहिले. असल्या वेळी काय करायचं असतं ते मला कधी जमलं नाही.

मग तुम्ही म्हणालात, "हे ताईला सांगायचं."

"चला, आत्ता."

"आत्ता नको. सुटीच्या दिवशी. जेवायच्या वेळी, सगळे असतात तेव्हा. तुम्ही बोला. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला स्वतःला पण आहे, तुमचं ती ऐकेल. मी नुसता उभा राहीन."

"नुसते उभे राहायला कशाला येता? मी एकटी जाऊन सांगते."

"नाही. मी नसताना नाही." इतक्या जोरात बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. "माझ्यासमोर सांगायचं. तिचं तोंड मला बघायचंय."

ठरलं. सुटीच्या सकाळी तुम्ही माझ्या दारात आलात. नवा सदरा, चापून बसवलेले केस, खिशात संत्र्याच्या गोळ्या. या वेळी मुद्दाम, दाखवायला. मी कुलूप लावायला वळले आणि जमिनीकडे नजर गेली. तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. रांग तुमच्या डाव्या बुटात शिरत होती.

"बूट काढा."

"आत्ता? बस जाईल, बाई."

"बूट काढा म्हणते ना!"

तुम्ही पायरीवर बसून बूट काढलात. मोजा निघेना. आदल्या दिवशी कढई उतरवताना कधीतरी उकळता पाक बुटात उडाला होता. तुम्हाला कळलंच नाही. त्याच पायाने पाळी संपवलीत, चालत घरी आलात, मोजा घालूनच झोपलात. पाक थिजून काच झाला होता, मोजा आणि कातडी एकत्र धरून बसला होता. कडेने काळंनिळं, आणि मुंग्या. तुम्ही वाकून बघितलंत, दुसऱ्याचा पाय बघावा तसं.

"दुखत तर नाही काही," म्हणालात. "आधी ताईकडे जाऊन येऊ. मग बघू."

मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या, की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. ताईकडे नाही, आपण रुग्णालयात गेलो.

साध्या माणसाची असती तर भरली असती ती जखम. तुमची भरेना. आधी बोटं गेली, मग अर्धं पाऊल. इन्सुलिन सुरू झालं, साखर ताळ्यावर आली, चेहऱ्यावर थोडं मांसही चढलं. पण जी नासधूस आधी होऊन गेली होती तिला उलट पावली चालता येत नाही. कारखान्याने दुसरा माणूस ठेवला. तो थर्मामीटर बघतो. तुम्ही दिवसभर खिडकीत. मी रोज तुमचा पाय बघायला यायचे, आणि एकच गोष्ट बदललेली मला दिसली: तुम्ही माझ्यासमोर जेवायला लागलात. कडी न लावता. सुरुवातीला घास घेतला की माझ्याकडे बघायचात. मी पेपर वाचतेय असं दाखवायचे.

जरा चालता यायला लागल्यावर आपण गेलो होतो एकदा पुलापलीकडे. आठवतं? आठवणारच. संध्याकाळ होती. तुमच्या पायाला पट्टी, वर कापडी चप्पल बांधलेली. लोखंडी जिना पाहिल्यावर मी ओळखलं, हे जमणार नाही. उभा चढ, पायऱ्यांना भोकं, कठड्याचा गज एके ठिकाणी निसटलेला. तुम्ही एक पाऊल वर टाकलंत आणि परत खाली घेतलंत. वरच्या खिडकीत दिवा होता. आत कुणीतरी भांडी लावत होतं.

"ही तिची भांडी," तुम्ही म्हणालात. "ती मोठ्यावर लहान ठेवत जाते. आवाज चढत जातो, बघा."

"हाक मारा ना. खाली येईल."

"खालून हाक मारली तर भीक मागायला आलाय वाटेल. मी वर जाणार. दारात उभा राहणार."

"मग मी वर जाऊन तिला घेऊन येते. तुम्ही समोर असालच की."

"असू दे, बाई. बूट होऊ दे. बूट घालून चढतो."

रुग्णालयाच्या बुटांच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या पायाचं माप दिलं होतं. आतून मऊ, आणि पुढच्या बाजूला, गेलेल्या बोटांच्या जागी, भरण घातलेला बूट. तो हातात आला, की आधी बूट आणायचा, मग सरळ लोखंडी जिना. क्रम तुम्हीच लावलात. आपण परत फिरलो. तुम्ही मागे वळून खिडकीकडे बघितलंत, मी बघू दिलं. बस चुकली तरी काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईच्या हिशेबी ते पुष्कळ झालं.

बूट व्हायच्या आधी तुम्ही गेलात. खिडकीतल्या खुर्चीत, चहाचा पेला हातात धरून. हृदय बंद पडलं आणि ते कळवायला कळ आली नाही. या रोगात नसा मरतात तेव्हा फक्त पायाच्याच मरत नाहीत. चहा सांडलासुद्धा नव्हता. बिनसाखरेचा.

तुमच्या भाच्याला मी कळवलं. तो आला. कारखान्यातले दोघे-तिघे आले, खालच्या मजल्यावरची बाई आली. ताई आली नाही. तिने सांगितलंच होतं ना तुम्हाला. शब्दाची पक्की, तुमच्यासारखीच.

नंतर भाचा टेंपो घेऊन खोली रिकामी करायला आला. पलंग नेला, कपाट नेलं. कोट खुंटीवरून काढून खिशात हात घातला आणि गोळ्या बाहेर काढल्या. मान हलवली. "मामाने शेवटपर्यंत सोडलं नाही. आई म्हणते तेच खरं."

"तुमच्या आईला चुकीचं माहीत आहे," मी म्हटलं. "त्या गोळ्या…"

"असू दे, बाई," तो म्हणाला. अगदी तुमच्या सुरात. "आता काय उपयोग." आणि टेंपोवाल्याला हाका मारत खाली गेला. कोट न्यायचा विसरला. तो माझ्याकडे आहे.

लोखंडी जिना मला चढता येतो अजून, सावकाश. काय बोलायचं तेही पाठ आहे. कित्येकदा मोठ्याने म्हणून पाहिलंय, रिकाम्या खोलीत. पण ती दार उघडून विचारील, "तुम्ही त्याच्या कोण?" त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. आणि त्याहून मोठी अडचण तुम्ही करून ठेवलीत. "मी नसताना नाही." पाकवाले, आता तुम्ही कधीच असणार नाही. मग या अटीचं मी काय करू? मोडू? तुम्ही हो म्हणणार नाही. पाळू? तर ती बाई भाऊही तसाच खोटारडा निघाला असं समजत, मोठ्यावर लहान भांडी ठेवत, आपल्या खिडकीत म्हातारी होणार. नव्हे, झालीच असेल. माझ्या वयाचीच ती.

बूट बनवणारा वाईट माणूस नाही. म्हणाला, "एकच आहे, डाव्या पायाचा. दुसऱ्या कुणाच्या पायाला यायचा नाही. टाकवत पण नाही, काम चांगलं झालंय. पण फळीवर जागा अडून राहिलीय." दोन्ही जागांना जाणारी बस एकच आहे. वर्कशॉप आधी लागतं, पूल नंतर.

काल त्याला तिसऱ्यांदा म्हटलं, "येते."